नेब्रास्काची घरपाहणी

१. स्थान व विस्तार

नेब्रास्का हे राज्य अमेरिका देशाच्या साधारण मध्यभागी वसलेले आहे. क्षेत्रफळ दोन लाख चौरस किलोमीटर. वर्धा जिल्ह्याएवढे तीस जिल्हे त्यात बसतील. लोकसंख्या मात्र वीस लाख, म्हणजे आपल्या दीड जिल्ह्याची. सदर राज्यास समुद्रकिनारा नाही. उंच डोंगर नाहीत. प्लॅट नावाची नदी असून ती रुंद व उथळ आहे. राजधानी लिंकन. आपली पौर्णिमा तेथे...

"हे काय वाचून राह्यले तुमी?" सीताबाई म्हणाली.

"स्थान व विस्तार."

"मले का तिथं निवडणूक लढाची आहे? घर सांगा."

(वहीत नाही)

रविवारची सकाळ. साडेसहा. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतलं दोन खोल्यांचं घर. सीताबाई पलंगावर, डोळ्यांवर काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले. वाचायचं नाही, वाकायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही. समोर खुर्चीवर तिचा नवरा प्रेमदास, मांडीवर शंभर पानी वही. कृषी सहायक म्हणून त्यानं तीस वर्षं गावोगाव पिकांच्या पाहण्या केल्या आणि अहवाल लिहिले. आता निवृत्त झाला, पण अक्षर अजून साहेबाला दाखवायचं असल्यासारखंच काढतो.

परवा तो नेब्रास्काहून परत आला. तीन आठवडे लेकीकडे राहून. ऑपरेशन मधल्या काळात झालं, सोबतीला शेजारीण होती.

लेक पौर्णिमा एकतीस वर्षांची. तिथल्या विद्यापीठात भूजलावर काम करते. फेब्रुवारीत तिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तिला कॅलेबशी लग्न करायचं आहे. कॅलेब शेजारीच बसला होता. त्यानं "जय भीम" म्हटलं, तेही नीट. सीताबाईनं फोन प्रेमदासच्या हातात दिला आणि मेथी निवडायला निघून गेली. तेव्हापासून ती लेकीशी भाज्यांबद्दल बोलते, उन्हाबद्दल बोलते. लग्नाबद्दल नाही.

"आई हो म्हणेल त्या दिवशी तारीख धरू," पौर्णिमानं बापाला सांगून ठेवलं होतं. "नाही म्हणाली तर थांबू. किती थांबू, ते मला माहीत नाही."

सीताबाईचं म्हणणं एवढंच होतं, की घर पाहिल्याशिवाय पोरगी देत नसतात. मग घर सात समुद्रापार का असेना. तिला स्वतःला जाता येत नव्हतं. एक डोळा झाला होता, दुसऱ्याची तारीख लागली होती. म्हणून तिनं नवऱ्याला धाडलं आणि काय काय पाहायचं ते सांगितलं. घर, वावर, ढोरं, रस्ता, हवा, गाव, माणसं, पाणी. 'स्थान व विस्तार' प्रेमदासनं स्वतःच्या मनानं घातलं. असे नऊ मुद्दे.

आणि एक नियम. दोघांच्याही घरांत तो जुना आहे. घरपाहणीला गेलेल्या माणसानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही. सोयरीक पसंत पडली तरच घोट घ्यायचा. घोट घेतला म्हणजे हो.

"तिथून मले फोन कराचा," निघताना सीताबाईनं बजावलं होतं. "मी म्हणल तंच प्याचं."

आज आठ वाजता पौर्णिमाचा फोन येणार होता. वहीतली आठ पानं भरलेली होती. नववं कोरं होतं.

४. घर

लिंकनमधील पौर्णिमाचे घर भाड्याचे असल्याने पाहणीत धरलेले नाही. पाहणी केलेले घर कॅलेबच्या वडिलांचे. नाव डेल. वय सत्तर. लिंकनपासून गाडीने तीन तास पश्चिमेस. घर लाकडी, दुमजली, पांढरे. अंगणाला कुंपण नाही. दाराला कुलूप नाही. मी विचारले, कुलूप का नाही. ते म्हणाले, किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, वीस वर्षे झाली.

घराखाली तळघर आहे. चक्रीवादळ आले की सर्वजण खाली जाऊन बसतात. भिंतीला फळ्या. फळ्यांवर काचेच्या बरण्या. टमाटे, बीट, काकडीचे लोणचे. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, अक्षर बाईचे. शेवटची तारीख चार वर्षांपूर्वीची.

"काकडीचं लोणचं?" सीताबाईनं विचारलं.

"सिरक्यातलं."

"आणि बाई कुठं आहे?"

"वारली. चार वर्षं झाले."

"मंग बरण्या?"

"उघडत नाई तो. पुसून पुसून ठेवते."

डोळ्यांना हात लावायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून सीताबाईनं पदराचं टोक नुसतंच बोटाला गुंडाळलं.

"म्हणजे घरात बाई नाई," ती म्हणाली. "आपली पोरगी गेली का धरा चूल."

"बुढा सोताच करते सगळं. माह्यासाठी मसुरीचं सूप केलतं त्यानं, कोठून तरी वाचून. हळद जास्त झालती."

"तुमाले काय माहीत जास्त झालती? पेले का?"

"रंगावरून कळते ना वं," प्रेमदास घाईनं म्हणाला. "म्या सांगतलं, पोट बिघडलं आहे. मंग तो दर अर्ध्या तासानं अद्रकीचा सोडा घेऊन ये. पोटाले बरा असते म्हणे. मी हात जोडो, तो परत नेऊन ठेवे. असं पाच डाव."

"बिचारा," सीताबाई म्हणाली, आणि लगेच, "रस्ता सांगा."

२. रस्ते व दळणवळण

रस्ते चौकटीच्या वहीसारखे. दर मैलाला एक उभा, एक आडवा. वळण नाही. गाडी चालवणाऱ्यास झोप येणे हा मोठा धोका असावा. समोरून वाहन दहा मिनिटांत एखादे. ते आले की चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हा नमस्कार आहे. ओळख असण्याची अट नाही.

"ओळख नसली तरी?"

"नसली तरी. तिसऱ्या दिवशी मीही उचलाले लागलो. काल आपल्या गावी हिंगणीले गेलतो ना, सेलूच्या पुढं ट्रकवाल्याले उचललं. त्यानं ट्रक थांबवला. म्हणे, काका, कुठं सोडू?"

सीताबाईच्या चष्म्याखालचे गाल जरा हलले. हसू होतं, पण तिनं ते पूर्ण होऊ दिलं नाही.

३. हवामान

वारा.

"पुढं?"

"वाराच आहे. दुसरं काई लिहाले सुचलं नाई."

५. शेती

विमानातून पाहिले तर जमिनीवर भाकरी थापून ठेवल्यासारखी दिसतात, गोल गोल, हिरव्या. ती वावरे होत. मध्यभागी विहीर, तिला चाकांवरची लांब नळी, पाव मैलाची. ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत पाणी देते. पिके : मका आणि सोयाबीन. होय, सोयाबीन. आपलेच. नुकते उगवले होते, दोन पानांवर. मी खाली बसून पाहिले. डेल उभे होते, तेही खाली बसले. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, उठताना मी हात दिला. भाषा लागली नाही.

"निंदाले किती बाया असते?"

"एकपण नाई. बाया नाई, माणसं नाई. एक माणूस यंत्रात बसते, सकाळपासून संध्याकाळलोक."

सीताबाईनं जन्मभर वावरात काम केलं होतं. लग्नाआधी गिरडकडे बापाच्या वावरात, नंतर हिंगणीला.

"मंग बोलते कोणासंग तो?"

"रेडिओ लावते. आणि पौर्णिमा सांगे, संध्याकाळी पोराले फोन करते. रोज. काईच बोलत नाई म्हणे दोघं. आज वारा होता, हो, इकडेही होता. ठेवू? ठेव."

"तुमच्यासारखाच दिसते," सीताबाई म्हणाली.

सव्वासात झाले होते. बाहेर घंटागाडीचं गाणं येऊन गेलं.

६. जनावरे

माणसांपेक्षा गायी-बैल जास्त, तिपटीने. शेण कोणी थापत नाही.

७. गाव

डेल यांच्या घराजवळचे गाव सहा मैलांवर. तेच जवळ म्हणायचे. पूर्वी शाळा होती, आता बंद; मुले बसने दुसरीकडे जातात. एक हॉटेल आहे, दुपारी दोनला बंद होते. म्हातारे टोप्या घालून बसतात आणि फासे टाकून ठरवतात की आज कॉफी कोणी पाजायची. धान्याची पांढरी कोठारे इतकी उंच, की गिरडची टेकडी कोसभरावरून दिसते तशी ती दिसतात, आणि जवळ जवळ म्हणता येतच नाहीत.

गावाच्या वेशीवर हिरवी पाटी असते. गावाचे नाव आणि खाली लोकसंख्या. १४३. मी विचारले, कोणी गेले तर पाटी बदलता का. ते म्हणाले, दहा वर्षांनी मोजणी होते तेव्हा बदलतात. म्हणजे त्यांची बायको अजून पाटीवर आहे. हे मी त्यांना म्हटले नाही. पण आम्ही पाटीजवळून गेलो तेव्हा त्यांनी बोट उचलले. समोर गाडी नव्हती.

प्रेमदासनं पान उलटलं नाही.

"हे तुमी लिहिलं?" सीताबाईनं विचारलं.

"तिकडं वेळ लई असते."

८. माणसे (आताची आणि आधीची)

रस्त्याच्या कडेला एक लोखंडी फलक होता. त्यावर लिहिले होते की येथे पूर्वी पॉनी नावाचे आदिवासी लोक राहत. त्यांची मातीची गोल घरे होती, मक्याची शेती होती. मी डेल यांना विचारले, ते लोक कुठे गेले. पौर्णिमाने इंग्रजीत सांगितले. ते म्हणाले, दक्षिणेला पाठवले. मी विचारले, पाठवले की हाकलले. पौर्णिमा म्हणाली, बाबा, असं विचारू का खरंच? मी म्हटले, विचार. तिने विचारले. ते बराच वेळ फलकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, हाकलले. आणि म्हणाले, माझ्या पणजोबाला ही जमीन जवळजवळ फुकट मिळाली, ती कशी फुकट झाली ते आमच्या घरी कोणी बोलत नसे.

"खरं बोलला?"

"बोलला."

"हं," सीताबाई म्हणाली. ती हे 'हं' फार कमी वेळा म्हणे. प्रेमदासच्या आठवणीत तीनदा.

"आता पाणी," ती म्हणाली.

९.

 

(वहीत नाही)

"ते नाई लिहिलं," प्रेमदास म्हणाला.

"काऊन?"

"राहून गेलं."

"आठ पानं लिहिले. ढोराच्या शेणाचं लिहिलं. आणि पाणी राहून गेलं?"

प्रेमदासनं वही मिटली.

"पेलो मी," तो म्हणाला.

सीताबाईनं चष्मा काढला नाही, पण मान त्याच्याकडे वळवली. "कवा?"

"त्याच दिवशी. सूप नाकारलं, सोडा नाकारला. बाटली नेलती मी लिंकनहून, ती दुपारी संपली. पौर्णिमा अन् तो पोरगा यंत्र पाहाले गेलते. मी अन् बुढा गोठ्याजवळ."

"आणि मले फोन नाई केला."

"नाई."

"घरपाहणीले आला तवा माह्या बापानं दोन तास पाणी नोतं घेतलं हिंगणीले तुमच्या घरी. मे महिन्यात. ओठ फाटले होते त्याचे. तुमची माय तीन डाव तांब्या घेऊन आली, तीन डाव त्यानं जमिनीवर ठेवाले लावला. तुमी विहिरीवरून दोन घागरी घेऊन आले अन् तुमची माय एक, ते पाह्यलं, तवा पेला. माणूस पाणी भरते म्हणून पेला. माह्यासाठी दोन तास तहानला राह्यला तो." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि तुमाले पोरीसाठी एक फोन नाई करता आला. माह्या हातात तेवढंच होतं ना. हो म्हणनं. तेही तुमी तिकडंच पिऊन टाकलं."

प्रेमदासनं मिटलेली वही पलंगाच्या कडेला ठेवली. मग त्यानं सांगितलं. अहवालासारखं नाही, एकेक गोष्ट हातानं चाचपत.

गोठ्याजवळ नळ होता. हातपंपासारखा, पण हापसावा लागत नाही. दांडा वर उचलला की जमिनीखालून पाणी येतं. खिळ्याला एक मग टांगलेला. पांढरा, निळ्या काठाचा, दोन जागी टवका उडालेला. डेलनं तो भरला आणि पुढं केला. प्रेमदासनं हात जोडले. डेलनं पोटाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. प्रेमदासनं मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही अशी. मग डेलनं मगाकडे पाहिलं. उडालेल्या टवक्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, पाहुण्याला मग घाण वाटतो आहे. त्यानं तो खळखळून धुतला, पुन्हा भरला, आणि स्वच्छ आहे हे दाखवायला अर्धा स्वतः प्याला. उरलेला अर्धा प्रेमदासपुढं धरला.

"हात असा होता त्याचा," प्रेमदासनं स्वतःचा हात पुढं केला. "खाली घेत नोता. म्हातारा आहे. त्याले तोंडात शब्द नाई, मले नाई. तो पाह्यत होता का हा माणूस माह्या हातचं काऊन घेत नाई. माह्यात काय आहे."

हात तसाच पुढं धरून तो बोलत राहिला.

"माहा बाप लहान होता तवा हिंगणीले दुसऱ्याच्या विहिरीवर घागर खाली ठेवून उभा राहे. वरून कोणी ओतलं तं ओतलं. ओंजळ करून प्याचं, तेही लांबून. तो सांगे, तहान सोसते, पण पाणी धरलेला माणूस आपल्याकडे कसा पाह्यते ते सोसत नाई." प्रेमदासनं हात खाली घेतला. "आता पाणी त्याच्या हातात होतं, अन् पाह्यत मी होतो. मी त्याले नाई म्हणनारा होतो, सीता. आपल्या घरपाहणीसाठी. त्याले काय माहीत घरपाहणी. त्याले तेवढंच दिसलं असतं, का यानं माह्या हातचं नाई घेतलं. ते मले नाई जमलं. माह्या फोनले तिथं रेंज नोती, तुले फोन कराले लिंकनलोक थांबाचं होतं. तेवढं नाई थांबता आलं."

सीताबाईनं विचारलं, "उष्टं पेले?"

"उष्टं पेलो."

"सगळं?"

"रिकामा मग उलटा करून दाखवला त्याले."

पंख्याखाली वहीचं कव्हर फडफडलं. साडेसात होऊन गेले होते.

"ते माहं झालं," प्रेमदास म्हणाला. "तुहं हो मी नाई पेलो. ते घेऊन आलो आहे."

तो उठला, लोखंडी कपाट उघडलं आणि स्वेटरमागून टॉवेलात गुंडाळलेली अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली काढली. सामानाच्या बॅगेत बनियनांच्या मधोमध ठेवून आणलेली. "बुढ्याच्या घरून निघाच्या वक्ती त्याच नळाची भरली. बुढ्याले वाटलं, औषध घ्याले पाह्यजे. तुले नसन प्याचं तं त्या मोगऱ्याले टाक. मी पोरीले सांगतो. ती थांबते म्हणली आहे."

त्यानं बाटली तिच्या हातात दिली. सीताबाईनं ती दोन्ही हातांनी धरली, तोलली, चष्म्यासमोर नेली. काळ्या काचेतून काय दिसणार.

"पाणी चांगलं आहे का पण? खतं लई टाकत असन ते लोक."

"बऱ्याच विहिरींत नायट्रेट निघते तिकडं. हिच्यात नाई. पौर्णिमानंच तपासलं. तीन वर्षं झाले. तशीच तं ओळख झाली दोघांची. ती विद्यापीठाकडून गावोगाव विहिरी तपासत फिरे, त्यात ही एक."

"तवा पेली का ती तिथलं?"

"नाई ना. रिपोर्ट आल्याबिगर प्याचं नसते त्याइच्यात. सोताची बाटली घेऊन गेलती. रिपोर्ट द्याले डबल गेली, तवा पेली."

सीताबाई हसली. या वेळी तिनं ते पूर्ण होऊ दिलं. पोट हलेपर्यंत हसली, मग डोळ्यावर ताण येईल म्हणून स्वतःच थांबली.

"म्हणजे घरपाहणी तं पोरगीच करून आली. विहिरीसकट. आणि आपण इथं नऊ मुद्दे काढून राह्यलो."

तिनं बाटली परत त्याच्याकडे दिली.

"इतक्या दिवसाचं शिळं पाणी आहे, तसं नाई प्याची मी," ती म्हणाली. "उकळा. चहा मांडा. दोन कप होईन. माह्यात साखर कमी."

(वहीत नाही, पण लिहायला हवं होतं)

प्रेमदासनं पातेलं धुतलं. बाटली उपडी केली. पाणी पडताना आवाज इथल्यासारखाच झाला. चहापत्ती टाकली, गवती चहा टाकला. उकळी येताना तो पातेल्याकडे असा पाहत होता, जणू उतू गेलं तर पोरीचं लग्नच मोडेल. दूध घातलं. गाळलं. दोन कप बरोबर भरले, गाळणीखाली थेंब राहिला नाही.

आठला तीन मिनिटं असताना फोन वाजला. त्यानं तो उशीला टेकवून उभा केला. पडद्यावर पौर्णिमा, तिच्यामागं लिंकनमधलं स्वयंपाकघर, आणि ओट्याशी कॅलेब. तो ताटल्या पुसत होता. तिकडे शनिवारची रात्र होत आलेली.

"आई, डोळा कसा आहे?"

"आहे जागेवर."

"थेंब टाकते ना वेळेवर?"

"तुह्या बापाले विचार."

"बाबांनी वाचून दाखवली का वही?"

"दाखवली."

पौर्णिमानं मागं पाहिलं, कॅलेबनं ताटली खाली ठेवली. सीताबाईनं कप उचलला. दोनदा फुंकलं. एक घोट घेतला आणि तोंडात फिरवला.

"चहा पिऊन राह्यली का?" पौर्णिमानं विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो. जरा जड लागते," सीताबाई म्हणाली. "डाळ शिजत नसन लवकर या पाण्यात."

"कोणत्या पाण्यात?"

"इवायाच्या विहिरीच्या. तुह्या सासऱ्याच्या."

पौर्णिमाला कळायला एक क्षण लागला. मग तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. कॅलेब पुढं आला, खांद्यावर फडकं, आणि काय झालं, काय म्हणाल्या, असं इंग्रजीत विचारू लागला. ती नुसती त्याचं मनगट धरून बसली.

सीताबाईनं दुसरा घोट घेतला. घाई नव्हती.

"त्याले सांगजो," ती म्हणाली, "बापाले म्हणा, तो निळ्या काठाचा मग फेकू नको. ऑक्टोबरात मी येईन तवा मले त्यातच पाह्यजे. आणि एक बरणी उघडून ठेवजो म्हणा. नुसतं पुसून लोणचं टिकत नसते."

"आई."

"रडू नको. मले रडता येत नाई सध्या, डॉक्टरनं सांगतलं आहे. एकटीच काय रडतं."

प्रेमदासनं वही उघडली आणि नववं पान काढलं. पेनाचं टोपण दातानं काढलं.

"काय लिहून राह्यले?" सीताबाईनं न पाहताच विचारलं.

"पाणी."

"सरकारी लिहू नका."

त्यानं थोडा विचार केला. मग मुद्द्याच्या आकड्यापुढं लिहिलं :

९. घेतलं.